जनाबाईच्या गावी सासूबाईंबरोबर

परभणीविषयीची दोन वाक्यं साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. एक, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' आणि दुसरं, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. पहिल्याचा अर्थ असा की, कुठं काही जमलं नाही तर आपली परभणी आहेच! दुसऱ्याचा अर्थ विचारायचा नसतो, नुसतं छाती पुढं काढून म्हणायचं असतं. माझं लग्न ठरलं तेव्हा नाशिकच्या मैत्रिणींनी ही दोन्ही वाक्यं मला ऐकवून पोटभर हसून घेतलं होतं. पुढं सासरची माणसंही तीच वाक्यं हसत हसत म्हणतात हे पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. स्वतःची थट्टा स्वतः करणाऱ्या माणसांशी निभावणं सोपं, असं तेव्हा वाटलं. या मुलखात ही थट्टा गाण्यातसुद्धा किती मुरली आहे, हे कळायला मात्र पंचवीस वर्षं जावी लागली.

झालं असं की, २०२३ साली अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना. जावयाला धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं आणि सुनांनी गरम पुरणापुढं घामाघूम व्हायचं, हा आपल्याकडचा शिरस्ता. पण यंदा सासूबाईंनी वेगळंच काढलं. म्हणाल्या, "मला गंगाखेडला गंगास्नानाला जायचंय."

आता आम्ही राहतो नाशिकला. रामकुंड आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. मी म्हटलं, "अहो आई, गंगा तर इथंच आहे की. तीच गोदावरी पुढं तिकडं जाते."

त्या शांतपणे म्हणाल्या, "ही तुमची गंगा. ती माझ्या माहेरची."

यावर काय बोलणार? सासूबाईंचं माहेर गंगाखेड तालुक्यातलं. तिथून सोळाव्या वर्षी त्या जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात सून म्हणून आल्या. आता वय अठ्ठ्याहत्तर. ह्यांनी मुकाट्यानं तीन तिकिटं काढली.

सकाळी नाशिकरोडला तपोवन एक्सप्रेसमध्ये बसलं की मनमाड, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), जालना, सेलू करत चहाच्या सुमाराला परभणी येते. जालना सोडलं की सासूबाईंची भाषा बदलू लागली. 'का' चं 'कामून' झालं, 'हो' चं 'व्हय' झालं. डब्यात समोर बसलेल्या अनोळखी बाईला त्या 'माय' म्हणून हाक मारायला लागल्या. माहेर जवळ आलं की बाई आधी जिभेनं घरी पोचते, हे मी माझ्यावरूनही सांगू शकेन.

रात्री परभणीत मुक्काम करून सकाळी एसटीनं निघालो. परळीकडं जाणारी रेल्वेही गंगाखेडवरून जाते, पण सासूबाईंना एसटीच हवी होती. तिथं एक गंमत झाली. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत, म्हणून सासूबाईंचं तिकीट नाही. त्याच वर्षी मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून माझं अर्धं. पूर्ण पैसे तेवढे ह्यांनी भरले. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चला, एका तरी जागी पुरुषाला बाईपेक्षा जास्ती पडले." कंडक्टरसुद्धा हसला. घरी महिनोन् महिने एक शब्द जास्तीचा न बोलणारी ही बाई, हे मला नवीन होतं.

गंगाखेड हे गोदावरीच्या काठचं जुनं गाव. तिथली माणसं त्याला दक्षिणकाशी म्हणतात. ऑगस्टचे पहिले दिवस होते, पण पाऊस रुसलेला, त्यामुळं नदीचं पाणी जेमतेम. सासूबाई मला धरून उतरल्या, तीन बुचकळ्या मारल्या आणि ओल्या लुगड्यानिशी म्हणाल्या, "आता जनीकडं."

काठावर जनाबाईचं मंदिर आहे. संत जनाबाई ही याच गावची. आई करुंड आणि वडील दमा यांची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. त्या भरल्या घरात झाडलोट, धुणं, दळण, कांडण, शेण्या वेचणं, सगळं जनीच्या माथी. १३५० साली ती गेली, असं मानतात. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनीचं जातं म्हणून दाखवतात.

आपण जनाबाई म्हटलं की डोळ्यांपुढं आणतो ती हात जोडलेली, पदर सावरून बसलेली मूर्ती. पण तिच्या नावावरचे अभंग जरा सावकाश वाचून पाहा. ही बाई देवाला एकेरीत हाक मारते. चिडली की त्याच्या नावानं बोटं मोडते, त्याच्या बायकोचं आणि घरादाराचंही काढते. देव तिच्याबरोबर दळतो, पाणी भरतो, तिची वेणी घालतो. म्हणजे घरात ज्या कामाला कुणी हात लावत नाही, त्या कामाला तिनं थेट पांडुरंगाला जुंपलं! याला भक्ती म्हणा, पण यात थट्टा आहे, आणि ती थट्टा नेमकी कुणाला लागते ते ज्याचं त्याला कळतं.

दर्शन घेऊन आम्ही मामींच्या घरी गेलो. मामी म्हणजे सासूबाईंची धाकटी भावजय. दुपारी जेवणं आटोपली. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा आणि धोंडे. (येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाले एकत्र दळून केलेलं पीठ. मामींनी मला डबा भरून दिला. पाण्यात कालवून फोडणीवर ओतलं की घाईच्या दिवशी आमटी तयार. शहरात राहणाऱ्या बाईनं घरात ठेवावाच.) वीज गेली होती. ओसरीवर आळीतल्या दहाबारा बायका जमल्या. त्यांचं भजनी मंडळ आहे. टाळ आले, एकीनं ढोलकी घेतली. मला वाटलं, आता तासभर अभंग. मी भिंतीला टेकून डोळे मिटायच्या बेतात होते.

तेवढ्यात एक साठीच्या बाई उठल्या. कमरेला पदर खोचला, डोक्यावर फाटकी वाकळ घेतली, हातात काठी धरली आणि कण्हत कुंथत मधे येऊन उभ्या राहिल्या. भारूड सुरू झालं.

भारूड म्हटलं की एकनाथमहाराज. पैठणला १५३३ ते १५९९ या काळात होऊन गेलेल्या नाथांनी जोशी, गोंधळी, वासुदेव, भुत्या अशी किती सोंगं घेऊन गाणी लिहिली! त्यांचा 'विंचू' शाहीर साबळ्यांनी आपल्या खड्या आवाजात घरोघरी पोचवला, तो बहुतेकींनी ऐकला असेल. पण बायकांच्या खास आवडीचं भारूड म्हणजे 'रोडगा'. त्यातली सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते. कशासाठी? तर सासऱ्याचं परस्पर काहीतरी व्हावं, सासूचा काटा निघावा, जावेची खोड मोडावी, नणंदेचं किरकिरं पोर गप्प व्हावं आणि शेवटी नवऱ्याचंसुद्धा बघावं, म्हणजे मी एकटी सुखानं राहीन!

बाई एकेकाचं नाव घेत होत्या आणि ओसरी खदखदत होती. सासूचं कडवं आलं तेव्हा मी मान खाली घातली. शेजारी माझी सासू बसलेली, आणि ह्या गातायत सासू मरू दे म्हणून! हसावं तरी पंचाईत, न हसावं तरी पंचाईत. तिरक्या डोळ्यानं पाहिलं, तर सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या. मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "म्हण की! कामून गप बसलीस?"

मग नणंदेचं कडवं आलं. मामींनी सरळ उठून सासूबाईंकडं बोट केलं आणि पुन्हा हशा! साठ वर्षांची नणंद-भावजय ती. सासूबाई म्हणाल्या, "दाखव, दाखव. तुझ्या सुनेनं बघितलंय, आता तुझी पाळी." मामींची सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती लाजली, पण पुढचं कडवं तिनंच उचललं.

कीर्तनकार सांगतात की नाथांचा रोख खऱ्या सासूसासऱ्यांवर नाहीच. अहंकार, वासना, हा मनातला गोतावळा जाऊ दे आणि जीव देवापाशी एकटा राहू दे, असा त्याचा अर्थ. असेल. पण त्या ओसरीवर कुणाच्याही डोळ्यांपुढं अहंकार नव्हता, ज्याच्या त्याच्या घरचा माणूस होता!

भारूड संपल्यावर त्या बाई वाकळ घडी करत म्हणाल्या, "नाथांच्या आधी आमच्या जनीनं हेच म्हणून ठेवलंय." आणि खरंच, जनाबाईच्या नावावर असा एक अभंग आहे. तिथं नवस भवानीला नाही, खंडेरायाला आहे. तिथंही सासू, सासरा, नणंद अशी घरातली एकेक माणसं कमी करत शेवटी जनी देवाच्या पायाशी एकटी उरते. नाथ होते दोनशे वर्षांनंतरचे, आणि दोघंही एकाच नदीकाठचे. पैठणचं पाणी वाहत वाहत गंगाखेडलाच येतं.

माझ्या मनात आलं, की परंपरेनुसार जनीचं लग्नच झालेलं नव्हतं. तिला ना सासू, ना नणंद. मग हा नवस तिनं कुणासाठी मागितला? अर्थ काढणारे देवाकडं बोट दाखवतील. मला मात्र वाटलं, भरल्या घरात राबताना तिनं सुनांचे चेहरे पाहिले असणार आणि त्यांच्या तोंडचं राहिलेलं स्वतःच्या तोंडानं म्हटलं असणार.

परभणीचा हा मुलूख गाण्यातल्या चेष्टेला सरावलेला आहे. राजारामभाऊ कदमांसारखे नामांकित गोंधळी इथलेच. गोंधळातही देवीचं गाणं रंगात आलं की मधेच साथीदार भोळेपणाचं सोंग घेऊन नायकाला वेडेवाकडे प्रश्न विचारतो आणि गावातल्या बड्या धेंडांना कोपरखळ्या बसतात. पण गोंधळ, तमाशा ही पुरुषांची मैफल. बायकांची मैफल असायची जात्यावर.

ते मला त्या रात्री कळलं. गच्चीवर अंथरुणं टाकली होती. सासूबाईंना झोप येत नव्हती. आपणहून बोलायला लागल्या.

"मी नवी होते. लोण्यातुपाच्या फडताळाला कुलूप आणि किल्ली सासूच्या कमरेला. पहाटे मी आणि मोठी जाऊबाई दळायला बसायचो. एक दिवस मला हुक्की आली. ओवीतच म्हटलं की, आमची सासू तुपाची अशी राखण करते की घरच्या मांजरीनं वैतागून पंढरीची वाट धरली. जाऊबाईच्या हातातला खुंटाच सुटला हसून. अन् तेवढ्यात दारात सासू!"

"मग हो? मारलं?"

"मला वाटलं, आता हाडं मोडतात. ती आली, आमच्या समोर बसली, खुंटा धरला, वैरण घातली आणि स्वतः ओवी म्हणायला लागली. तिच्या सासूची. तिची सासू म्हणे किल्ली कमरेला नव्हती लावत, रात्री दातात धरून झोपायची!"

आम्ही दोघी अंधारात हसलो. मी विचारलं, "मग कुलूप काढलं का त्यांनी?"

"छे! कुलूप तिथंच. किल्ली मला पाच वर्षांनी मिळाली. पण त्या दिवसापासून जात्यावर तिसरा हात आला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हसल्यानं हात दुखायचे थांबत नव्हते, बरं का. आमच्या गावात एक सून रोज मार खायची. तीपण ओव्या म्हणायची. तिच्या ओवीनं काही झालं नाही."

हे त्यांनी सांगितलं ते बरं झालं. नाहीतर आपण जुन्या गाण्यांचे गोडवे गातो आणि ती गाणाऱ्यांचे फोड आलेले तळहात विसरतो. पुण्याचे गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या! याच जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्याही ओव्या त्यात आहेत. २०१७ पासून त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात. त्यात जनी आहे, सीतेचा वनवास आहे, भाऊराया आहे, सासुरवासाचं रडू आहे आणि त्या रडण्याच्या मधेमधे असा फटकाही आहे. गिरणी आली, बायकांचे हात सुटले, फार चांगलं झालं. जातं परत आणा असं कुणीही म्हणू नये. मी तर मुळीच म्हणणार नाही.

पण त्या रात्री सासूबाई पुढं जे म्हणाल्या ते माझ्या मनातून जात नाही. म्हणाल्या, "तू काही वाईट नाहीस. पण तुला माझं काही खुपलं की तू आत जातेस, दार लावतेस आणि बहिणीला फोन करतेस. दारामागचं मला ऐकू येतं गं. पण त्याला मला उत्तर देता येत नाही. ओवीला उत्तर देता येतं."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं काय? खरंच होतं ते.

परतीच्या गाडीत मी तोच विचार करत होते. सासू-सुनेवरची चेष्टा आजही कमी नाही. लग्नाच्या वरातीत मोठ्या भोंग्यावर गाणी लागतात, फोनवर विनोद येतात. त्यात सासू कजाग, सून नखरेल, नवरा बिचारा. ते रचणारा कुठंतरी लांब बसलेला असतो. त्याला ना त्या सासूबरोबर जेवायचं असतं, ना त्या सुनेच्या हातचा चहा प्यायचा असतो. आणि ज्याच्यावर विनोद होतो त्यानं नुसतं ऐकून घ्यायचं. जात्यावरची थट्टा वेगळी होती. जिच्यावर केली ती पलीकडच्या खोलीत जागी असायची, आणि हे दोघींनाही ठाऊक असायचं. लग्नातल्या विहिणीच्या गाण्यांत दोन्हीकडच्या बायका एकमेकींची उणीदुणी काढत तेव्हाही समोरच्या बाजूला उत्तराची पाळी मिळे. भोंडल्यातली सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू तिला कारल्याचं बी पेरायला लावते, ते गाणंही सासूच्याच अंगणात म्हटलं जातं. बोचणारं असायचं, पण तोंडावर असायचं.

कुणाला जायचं असेल तर सांगते. दिवाळी ते फेब्रुवारी हे दिवस बरे, परभणीचा उन्हाळा सोसवत नाही. परभणीहून गंगाखेडला जाताना वाटेत पोखर्णीचा नृसिंह आहे. एक दिवस हाताशी ठेवून जिंतूर तालुक्यात चारठाण्याची जुनी हेमाडपंती देवळं पाहावीत. दोन फेब्रुवारीच्या सुमाराला गेलात तर परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरलेला असतो. आणि जमलं तर सासूबाईंना बरोबर न्या. त्यांच्या माहेरी न्या. तिथं त्या कुणाच्या सासू नसतात.

नाशिकला आल्यावर आठवडाभरानं सकाळी भाजी फोडणीला टाकली आणि मिठाची बरणी सापडेना. ती रोज जागा बदलते. कोण बदलतं तेही मला माहीत आहे. एरवी मी दार लावून बहिणीला सांगितलं असतं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरातूनच मोठ्यानं म्हटलं, "आमच्या घरच्या बरणीला पाय फुटलेत बाई! रोज चारधाम करून येते!"

क्षणभर बाहेर शांतता. माझ्या छातीत धडधडलं.

मग बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "बरणी असते जागच्या जागी. रात्री बारापर्यंत फोन बघणारीला ती सकाळी दिसायची कशी?"

ह्यांनी पेपरातून मान वर काढून विचारलं, "काय झालं? दोघी का हसताय?"

आम्ही सांगितलं नाही. पूर्ण तिकिटवाल्याला सगळंच कळलं पाहिजे असं थोडंच आहे!